आजाऱ्याचा भ्रम आणि घरच्यांची सोबत

आजच्या भाषणाचा विषय वैद्यकांतला आहे आणि बोलणारा मात्र वैद्य नाहीं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि उभा जन्म रत्नागिरी तालुक्यांतील शाळांत मुलांना गणित व व्याकरण शिकविण्यांत घालविलेला एक निवृत्त शिक्षक आहें. तेव्हां या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असा प्रश्न कोणीहि विचारील व तो योग्यच होईल. त्याचें उत्तर एवढेंच कीं, या बाबतींत माझ्या हातून एक चूक घडली. ती अज्ञानामुळें घडली. आणि तेंच अज्ञान आपल्या पुष्कळ सुशिक्षित घरांतूनहि वावरत आहे, अशी माझी खात्री झाली आहे. ज्याला वाटेंतला खड्डा ठाऊक झाला त्यानें मागून येणाऱ्यांस हांक मारावी, एवढाच या भाषणाचा हेतु.

आमच्या थोरल्या वहिनी मी शाळेंत जाऊं लागलों त्या सुमारास लग्न होऊन आमच्या घरीं आल्या. माझी आई लवकर गेली. तेव्हांपासून माझ्या जेवणाखाण्याची, आजारपणाची व परीक्षेच्या फीची काळजी वहिनींनींच वाहिली. तीन वर्षांपूर्वीं, ऐन आषाढांत, शेवाळलेल्या जांभ्या दगडाच्या पायरीवरून त्यांचा पाय घसरला आणि खुब्याचें हाड मोडलें. त्यांचें वय तेव्हां ७९ वर्षांचें. एका रुग्णालयांत त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली व ती उत्तम झाली. पहिले दोन दिवस त्या शांत, शुद्धीवर आणि नेहमींसारख्या चौकस होत्या. "गाईला पेंड घातली का?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

तिसऱ्या रात्रीं मात्र सारें पालटलें. बाहेर मुसळधार पाऊस कोसळत होता. त्या आवाजानें त्या दचकून जाग्या झाल्या आणि म्हणूं लागल्या, "खळ्यांत आमसुलें वाळत घातलीं आहेत, तीं भिजतील, मला जाऊं द्या." हाताला लावलेली सलाईनची नळी त्यांना गाईचें दावें वाटली आणि तें सोडविण्याची त्यांची खटपट चालू झाली. समोरच्या कोऱ्या भिंतीवर त्यांना मुंग्यांची रांग दिसत होती. मला त्यांनीं ओळखलें नाहीं. हाड नुकतेंच बसविलेलें आणि त्या तर खाटेवरून उतरूं पाहत होत्या. म्हणून अखेर पट्ट्यांनीं त्यांचे हात खाटेला बांधण्यांत आले. आणि मी? साठी उलटलेला, शहाणा म्हणविणारा मी, वर्गांतील व्रात्य मुलावर ओरडावें तसा त्यांच्यावर ओरडलों, "वहिनी, काय हें वेड्यासारखें चालविलें आहे!"

सकाळपर्यंत नातलग जमले. एकजण म्हणाले, "आतां वय झालें, बुद्धि गेली, ती कांहीं परत यावयाची नाहीं." दुसऱ्यांचें मत पडलें कीं, हें कांहींतरी बाहेरचें आहे, देवापुढें नारळ ठेवून गाऱ्हाणें घातलें पाहिजे. तिसऱ्यांनीं मला बाजूस घेऊन दबलेल्या आवाजांत आमच्या गांवच्या मनोरुग्णालयाचें नांव काढलें. रत्नागिरींत हें रुग्णालय १९ व्या शतकापासून आहे. त्यामुळें कोणी जरा असंबद्ध बोलूं लागला कीं इकडील माणसाच्या मनांत पहिला विचार तोच येतो. तिघेहि प्रेमापोटींच बोलत होते; आणि तिघांचेंहि निदान चुकीचें होतें.

चूक उमगली ती दुसऱ्या रात्रीं कामावर आलेल्या एका परिचारिकेमुळें. तिनें वहिनींकडे कांहीं वेळ पाहिलें आणि मला विचारलें, "गुरुजी, आजींना चष्मा नाहीं का? कानाचें यंत्र?" मीं सांगितलें, "दोन्ही आहेत. येथें हरवूं नयेत म्हणून घरीं नेऊन कपाटांत ठेवलीं आहेत." "आणि रात्रीं झोपेसाठीं कांहीं दिलें होतें का?" मला कबूल करावें लागलें कीं, वहिनींना झोप लागेना म्हणून माझ्याच खिशांतली सर्दीची एक गोळी मीं त्यांना दिली होती. ती बाई रागावली नाहीं. ती म्हणाली, "गुरुजी, आजींना दिसत नाहीं, ऐकूं येत नाहीं, अंग दुखतें आहे, आणि अंधारांत अनोळखी माणसें त्यांचे हात धरताहेत. त्यांच्या जागीं तुम्ही असतां तर काय केलें असतें?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. पुढें डॉक्टरांनीं मला जें समजावून सांगितलें आणि नंतर मीं जें वाचून पाहिलें, त्याचें सार आतां आपणांपुढें ठेवतों.

या अवस्थेस डॉक्टर डिलिरियम म्हणतात. शब्द लॅटिन आहे, पण त्याचा मूळ अर्थ कोंकणांतल्या शेतकऱ्याला तात्काळ समजेल असा आहे: नांगराचें तास सोडून बाहेर जाणें. बैल तोच, नांगर तोच, जमीनहि तीच. पण फाळ तासांतून निसटला. आपल्याकडेहि ही अवस्था पूर्वापार ठाऊक आहे. तापाच्या भरांत माणूस बरळूं लागला कीं जुनीं माणसें "वात झाला" असें म्हणत. आयुर्वेदांत अशा असंबद्ध बोलण्यास प्रलाप हा शब्द आहे. ज्ञान होतें, परंतु तें तापाच्या रोग्यापुरतेंच राहिलें. शस्त्रक्रियेनंतर, लघवीच्या विकारांत, फुप्फुसाच्या दाहांत, किंवा केवळ शरीरांतील पाणी कमी झाल्यानेंहि वृद्ध माणसास असाच वात होऊं शकतो, आणि तेव्हां ताप मुळींच नसेल, हें आपण विसरलों.

मग हें वेड नव्हे आणि म्हातारचळहि नव्हे, हें ओळखावें कसें? पहिली खूण म्हणजे काळ. वार्धक्यांतील स्मृतिभ्रंश महिन्यांनीं व वर्षांनीं चढत जातो. हा भ्रम तासांत किंवा एकदोन दिवसांत येतो. दुसरी खूण म्हणजे चढउतार. सकाळीं माणूस बऱ्यापैकीं बोलतो, तिन्हीसांजा होतांच बिघडतो, मध्यरात्रीं घरच्यांना ओळखीत नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हा थोडा सांवरतो. तिसरी खूण एका शिक्षकाच्या विशेष ओळखीची आहे, ती म्हणजे लक्ष न लागणें. आठवड्याचे वार उलटे म्हणावयास सांगा: रविवार, शनिवार, शुक्रवार. एरवीं जो सहज म्हणेल तो दोन पावलांवर वाट चुकतो, प्रश्नच विसरतो, मध्येंच छताकडे पाहूं लागतो. वर्षाचे महिने उलटे म्हणावयास लावणें ही तर डॉक्टरांची नेहमींची परीक्षा आहे. वर्गांत ज्या मुलाचें लक्ष नाहीं त्याला आम्ही छडी दाखवीत असूं; येथें मात्र लक्ष नसणें हेंच दुखण्याचें लक्षण असतें, आणि त्यावर ओरडणें म्हणजे ताप चढला म्हणून मुलास शिक्षा करण्यासारखें आहे.

येथें एक इशारा दिला पाहिजे. भ्रम झालेला प्रत्येक रोगी आरडाओरड करतोच असें नाहीं. कित्येक रोगी उलट अगदीं निपचित होतात. हांक मारली तर डोळे उघडतात व पुन्हा मिटतात, जेवत नाहींत, बोलत नाहींत. घरचे समाधानानें म्हणतात, "आज आजोबांनीं मुळींच त्रास दिला नाहीं." खरें पाहतां हा प्रकार अधिक फसवा आहे, कारण तो कोणाच्या ध्यानांत येत नाहीं व उपचारास उशीर होतो. काल गप्पा मारणारा माणूस आज एकाएकीं गप्प झाला, तर तीहि डॉक्टरांना तातडीनें सांगण्याची गोष्ट आहे.

भ्रमाचीं कारणें पुष्कळ आहेत आणि बहुधा दोनचार मिळूनच तीं माणसास गांठतात. जंतुसंसर्ग, शरीरांतील पाणी, मीठ किंवा साखर कमीजास्त होणें, रक्तांत प्राणवायूची उणीव, अनावर वेदना, तुंबलेली लघवी, चारपांच दिवसांचा बद्धकोष्ठ, अपुरी झोप, आणि औषधें. औषधांविषयीं एक गोष्ट सर्वांनीं ध्यानांत धरावी. धोतऱ्याचें बीं पोटांत गेलें म्हणजे माणूस भ्रमिष्ट होतो, हें आपल्याकडे सर्वश्रुत आहे. धोतऱ्यांतील द्रव्यें मेंदूंतील ज्या क्रियेस अडथळा करतात, तिलाच सर्दी, खाज व गाडी लागणें यांवरील कित्येक जुन्या गोळ्या सौम्यपणें अडथळा करतात. तरुणास त्यांनीं नुसती गुंगी येते. वृद्धाचें मन त्या तासांतून बाहेर काढूं शकतात. माझ्या खिशांतली गोळी याच जातीची होती. झोपेच्या गोळ्यांचीहि तीच तऱ्हा. म्हणून रोगी घरीं जीं जीं औषधें घेत होता त्या सर्वांची यादी डॉक्टरांना द्यावी, आणि त्यांना न विचारतां एकहि गोळी आपल्या हातानें देऊं नये.

याच ओघांत एक नाजूक गोष्ट सांगतों. रोज मद्य घेणारा माणूस रुग्णालयांत दाखल झाला म्हणजे त्याचें मद्य एकदम सुटतें, आणि दोनतीन दिवसांनीं हातांस कंप सुटून त्यास भयंकर भ्रम होऊं शकतो. हा प्रसंग जिवावर बेतणारा आहे. पण आधीं कळला तर डॉक्टर तो टाळूं शकतात. आपलीं घरें अब्रूच्या भीतीनें ही गोष्ट लपवितात. अब्रू राखण्याची ही जागा नव्हे.

आतां मुख्य प्रश्न: हा भ्रम टाळतां येतो काय? पुष्कळ अंशीं येतो, आणि त्यास मोठी यंत्रसामग्री लागत नाहीं. अमेरिकेंत न्यू हेवन येथील येल विद्यापीठाच्या रुग्णालयांत डॉ. शेरॉन इनूये यांनीं सत्तरीच्या व त्यापुढील वयाच्या ८५२ रोग्यांवर एक प्रयोग केला व त्याचा निष्कर्ष १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. अर्ध्या रोग्यांस नेहमींची शुश्रूषा मिळाली. उरलेल्या अर्ध्यांस तिच्या जोडीला साध्या साध्या गोष्टी मिळाल्या. आज वार कोणता व आपण कोठें आहों हें त्यांना वेळोवेळीं सांगणें, गप्पा मारणें, दिवसांतून कांहीं वेळां उठवून चालविणें, चष्मा व कानाचें यंत्र लावणें, वेळच्या वेळीं पाणी पाजणें, आणि रात्रीं झोपेच्या गोळीऐवजीं ऊन दूध, मंद संगीत व पाठ चोळणें. नेहमींची शुश्रूषा मिळालेल्यांपैकीं शेंकडा १५ जणांस भ्रम झाला. दुसऱ्या गटांत हें प्रमाण शेंकडा ९.९ वर आलें. त्याच प्रयोगांत असेंहि दिसलें कीं, भ्रम एकदां जडल्यावर त्याची तीव्रता या उपायांनीं फारशी कमी झाली नाहीं. याचा अर्थ स्पष्ट आहे: बांध फुटण्यापूर्वींच घातला पाहिजे.

श्रोतेहो, ही यादी पुन्हा एकदां मनांत घोळवून पाहा. तींत आपल्या घरांतील आजी, आत्या किंवा थोरली सून करूं शकणार नाहीं असें काय आहे? तिकडे या कामासाठीं स्वयंसेवक शिकवून तयार करावे लागले. आपल्याकडे रोग्याजवळ घरचें माणूस राहण्याची रीत अद्याप टिकून आहे. परंतु आपण तेथें बसून काय करतों? येणाऱ्याजाणाऱ्यास आजाराची हकीकत सांगतों, मोबाईल पाहतों, डबा देतों. तीच सोबत थोडी डोळस केली तर ती औषधाच्या तोडीची होईल.

डोळस सोबत म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगतों. दाखल होतांनाच चष्मा, कानाचें यंत्र व कवळी बरोबर न्यावी. हरवलीं तर पुन्हा घेतां येतील. समोर दिसेल असें घड्याळ व दिनदर्शिका असावी. सकाळीं खिडकी उघडून उजेड येऊं द्यावा, आणि रात्रीं मंद दिवा ठेवून गलका बंद करावा. डॉक्टरांची संमति मिळतांच रोग्यास खुर्चींत बसवावें, आधार देऊन चालवावें. जेवण बसूनच द्यावें. पाणी घोटघोट द्यावें. मात्र हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर तें किती द्यावें हें विचारून घ्यावें, आणि गुंगींत असलेल्याच्या तोंडांत पाणी वा अन्न कधींच घालूं नये, तें श्वासनलिकेंत जातें. पोट साफ होतें कीं नाहीं तें पाहावें. लघवीची नळी घातलेली असेल तर "ती अजून जरूर आहे का?" असें रोज नम्रपणें विचारावें.

आणि एवढें करूनहि भ्रम झालाच तर? प्रथम डॉक्टरांना एक वाक्य सांगावें: "हे कालपर्यंत असे नव्हते." तें वाक्य घरचा माणूसच बोलूं शकतो, कारण रोग्याचें कालचें मन त्यालाच ठाऊक असतें. भ्रमामागचें कारण शोधणें हाच खरा उपचार होय. शांत करणारें औषध भ्रम बरा करीत नाहीं. रोगी स्वतःस वा इतरांस इजा करील असा प्रसंग आला तरच डॉक्टर तें जपून देतात. हातपाय बांधल्यानें बहुधा भीति व धडपड वाढते. त्यापेक्षां एका परिचित माणसानें जवळ बसून हात हातांत घ्यावा, खाट खालीं करावी, नळ्या कापडानें झांकून दृष्टीआड कराव्या. वाद घालूं नये. "कसलीं आमसुलें? वेड लागलें आहे का?" असें न म्हणतां, "आमसुलें आंत घेतलीं आहेत, वहिनी. आपण रुग्णालयांत आहों. मी तुमच्याजवळ बसलों आहें," इतकें हळू, थोडक्यांत आणि पुन्हा पुन्हा सांगावें.

ही सोबत किती मोलाची आहे, हें २०२० व २०२१ सालच्या साथींत सर्व जगानें पाहिलें. कोरोनाच्या कक्षांत घरच्यांस प्रवेश नव्हता. शुश्रूषा करणाऱ्यांचे चेहरेहि झांकलेले. अमेरिकेंत त्या साथींत तातडीच्या विभागांत आलेल्या ८१७ वृद्धांची पाहणी झाली, तेव्हां शेंकडा २८ जणांस येतांनाच भ्रम झालेला होता, आणि त्यांतील कित्येकांस ताप किंवा दम नव्हता. म्हणजे भ्रम हीच रोगानें घरच्यांस दिलेली वर्दी होती. ती ज्यांना वाचतां आली नाहीं त्यांचे दिवस फुकट गेले.

वृद्धाश्रमांत राहणाऱ्यांना व कोंकणांतील मोठाल्या घरांत एकट्यानें दिवस काढणाऱ्या म्हाताऱ्यांना हें विशेषच लागू आहे. मुलें मुंबईला, जवळ पगारी बाई किंवा शेजारी. ज्यांना आधींच थोडा विसर पडूं लागला आहे त्यांना हा भ्रम लवकर गांठतो, आणि सगळें खापर म्हातारपणावर फुटतें. फोनवर बोलतांना आईचें बोलणें एकाएकीं तुटक किंवा भलतेंच वाटलें, तर "वय झालें" असें म्हणून फोन ठेवूं नका. त्याच दिवशीं तिला डॉक्टरांकडे नेण्याची तजवीज करा.

आमच्या वहिनींचें पुढें काय झालें, तें सांगून संपवितों. डॉक्टरांनीं तपासून लघवींतील जंतुसंसर्गावर औषध चालू केलें व नळी काढली. चष्मा नाकावर आला, यंत्र कानांत गेलें, पट्ट्या सुटल्या, आणि आम्ही पाळीपाळीनें रात्रंदिवस जवळ बसलों. शस्त्रक्रियेनंतर आठव्या दिवशीं सकाळीं त्यांनीं माझ्याकडे नीट पाहिलें आणि विचारलें, "भाऊजी, चहा घेतलात का?" त्या क्षणीं मला काय वाटलें तें सांगत नाहीं.

त्या आज काठी टेकीत चालतात. पण दुधाचा हिशेब, जो त्या आयुष्यभर तोंडीं ठेवीत आल्या, तो पुन्हा त्यांच्या हातीं आला नाहीं. भ्रम गेला तरी कधीं कधीं असा ओरखडा मागें राहतो. एकदां पडवींत बसलों असतां त्या आपण होऊन म्हणाल्या, "भाऊजी, मला त्या रात्रीचें सगळें आठवतें. आमसुलें खोटीं होतीं, हें आतां समजतें. पण हात बांधले होते तें खरें होतें, आणि तुम्ही ओरडलांत तेंहि खरें होतें."

त्या बोलल्या आणि तांदूळ निवडूं लागल्या. मीं क्षमा मागितली. त्यांनीं ती मागूं दिली नाहीं. पण तें वाक्य माझ्याजवळ राहिलें आहे. भ्रमांतल्या माणसाला कांहीं कळत नाहीं, अशा समजुतीनें आपण त्याच्यासमोर वाटेल तें बोलतों. त्याला कळतें, श्रोतेहो. आणि पुष्कळदां तें त्याच्या आठवणींतहि राहतें. तेव्हां आपल्या घरचें माणूस जेव्हां असें तास सोडून बाहेर जाईल, तेव्हां तें परत येईतों त्याचा हात धरून ठेवा, आणि परत आल्यावर त्यास आठवावें असेंच बोला.